शॅमेलिऑनचे पालन

शॅमेलिऑनचे पालन म्हणजे शॅमेलिऑन कुळातील सरड्यांना बंदिस्त अधिवासात ठेवून त्यांची निगा राखणे होय. या कुळात २०० हून अधिक जाती असून त्यांपैकी बहुसंख्य मादागास्कर व आफ्रिका खंडात आढळतात. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारी एकमेव जात म्हणजे भारतीय शॅमेलिऑन (कॅमिलिओ झेलॅनिकस). महाराष्ट्रात तिला घोयरा सरडा असेही म्हणतात. ही जात पाळण्यास कायद्याने मनाई आहे.

कायदेशीर स्थिती

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे, विकणे किंवा मारणे हा तुरुंगवास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. जगभर प्रामुख्याने येमेन व सौदी अरेबियातील शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन (कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटस) आणि मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन (फर्सिफर पार्डॅलिस) या जाती पाळल्या जातात. या दोन्ही जाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहेत. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी करणे धारकास बंधनकारक आहे.

शरीररचना आणि पालनातील अडचणी

शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली असतात आणि जीभ शरीराच्या लांबीहून अधिक अंतरावर फेकली जाते. रंगबदल केवळ परिसराशी मिसळण्यासाठी होतो, ही समजूत अपुरी आहे. तापमान, प्रकाश, भीती, प्रतिस्पर्धी व जोडीदार यांनुसारही रंग पालटतो. पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारा काळपट रंग हे अनेकदा ताण, थंडी किंवा आजाराचे लक्षण असते.

निवास, पाणी व आहार

शॅमेलिऑन एकलकोंडा असल्याने एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवतात. हवा खेळती राहावी म्हणून काचेच्या पेटीपेक्षा उंच जाळीदार पिंजरा सहसा श्रेयस्कर मानला जातो. त्यात आडव्या-तिरप्या फांद्या व दाट पाने आवश्यक असतात. हाडांच्या पोषणासाठी अतिनील-बी किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवत असल्याने काचेआडचे ऊन पुरेसे ठरत नाही.

भांड्यातील स्थिर पाणी हा प्राणी सहसा पीत नाही. पानांवरील थेंब चाटून तो तहान भागवतो, म्हणून दिवसातून अनेकदा फवारणी करावी लागते. आहारात जिवंत रातकिडे, नाकतोडे, झुरळे इत्यादी कीटक असतात व त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावतात. कीटकनाशकांच्या संपर्कात आलेले कीटक देणे धोकादायक असते.

कॅल्शियम व अतिनील किरणांच्या अभावी हाडे मऊ पडून वाकतात. मादीला अंडी घालण्यासाठी ओलसर मातीची जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून तिचा मृत्यू होऊ शकतो. नराशी मीलन झालेले नसतानाही मादी अंडी धरू शकते. खोल गेलेले डोळे हे निर्जलीकरणाचे सामान्य लक्षण आहे.

मराठवाड्यातील संदर्भ

पोलाद व बियाणे उद्योगांसाठी ओळखली जाणारी जालना औद्योगिक वसाहत (एमआयडीसी) दख्खनच्या निमकोरड्या पठारावर वसलेली आहे. येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. पाळल्या जाणाऱ्या विदेशी जातींना इतकी उष्णता प्राणघातक ठरू शकते. पत्र्याच्या छताखालील खोलीत किंवा वीज खंडित झाल्यावर हा धोका वाढतो. याउलट, कोरडी झुडपी राने हा भारतीय शॅमेलिऑनचा नैसर्गिक अधिवास आहे.

ग्रामीण भागात शॅमेलिऑन विषारी किंवा अशुभ असल्याच्या समजुतीतून त्याला मारले जाते. वस्तुतः तो बिनविषारी व कीटकभक्षी असल्याने शेतीस उपकारकच ठरतो. मंद चालीमुळे रस्ता ओलांडताना तो वाहनांखालीही सापडतो. वस्तीत किंवा कारखान्याच्या आवारात आढळलेला निरोगी शॅमेलिऑन घरी न नेता त्याच्या वाटेने जाऊ द्यावा, असे अपेक्षित असते. तो जखमी असल्यास महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.