दहा आकडी पत्ता

दिवाळी अंकातल्या लेखाखाली लेखकाचा पत्ता छापण्याची रीत जुनी आहे. त्या पत्त्यावर वाचकांची पत्रं येत, क्वचित एखादा उत्साही वाचक थेट दारात उभा राही. पुढे पत्त्याच्या जागी मोबाइल क्रमांक आला. बदल किरकोळ वाटतो, पण या दोन गोष्टींची जात वेगळी आहे.

टेलिफोन डिरेक्टरीत नाव, पत्ता, क्रमांक सगळं उघड असे आणि त्यामुळे कुणाचं फारसं बिघडत नसे. कारण डिरेक्टरी आडनावांच्या क्रमाने लावलेली. नावावरून क्रमांक चटकन सापडे. क्रमांकावरून माणूस शोधायचा तर पानंच्या पानं चाळावी लागत. ही गैरसोयच तिचं कुलूप होती. शिवाय तो क्रमांक घराचा होता. मोबाइल क्रमांक माणसाचा असतो. २०११पासून कंपनी बदलली तरी तो कायम ठेवता येतो, त्यामुळे बँक खातं, आधार, यूपीआय सगळं वर्षानुवर्षं त्याच एका खुंटीला टांगलेलं. आता अनोळखी क्रमांक पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये टाकला की बहुधा खातेदाराचं नाव दिसतं. व्हॉट्सॲपवर त्याचं छायाचित्र मिळतं, आणि नाव कळलं की फेसबुक त्याचं गाव, शाळा, नातलग सांगून टाकतं. यातली एकेक माहिती निरुपद्रवी असते. धोका त्यांच्या जुळणीत आहे.

ही जुळणी किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते हे एप्रिल २०२१मध्ये दिसलं. फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक सदस्यांचे तपशील, बहुतेकांच्या फोन क्रमांकांसह, फुकट उपलब्ध झाले. त्यासाठी कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नव्हता. ओळखीचे लोक शोधून देणाऱ्या सोयीत क्रमांकांच्या लांबलचक याद्या भरल्या, आणि कोणता क्रमांक कुणाचा हे त्या सोयीनेच सांगितलं.

त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे करोनाची दुसरी लाट होती. ऑक्सिजन, खाट, प्लाझ्मा यांसाठी लोक समाजमाध्यमांवर रुग्णाच्या नातलगाचा क्रमांक टाकत होते, आणि अनोळखी माणसं खरोखर मदतीला धावत होती. क्रमांक दिल्याशिवाय मदत पोचणारच नव्हती. पण ज्या महिलांनी आपला क्रमांक दिला, त्यांतल्या काहींना नको त्या वेळी नको ते फोन आले, अश्लील छायाचित्रं आली. तशा बातम्या तेव्हा छापून आल्या आहेत. मग महिलांनी क्रमांक जाहीर करू नये, असे इशारे फिरू लागले. हा सल्ला मला अपुरा वाटतो. आईसाठी धडपडणाऱ्या एकट्या मुलीने ऑक्सिजन कुणाच्या क्रमांकावरून मागायचा?

हेलन निसेनबाम या अभ्यासिकेने २००४मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. माहिती नुसती गुप्त किंवा उघड नसते. ती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबत येतात. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलीच्या वडिलांचा क्रमांक स्थळ विचारण्यासाठी असतो. तीच पुस्तिका पीडीएफ होऊन कर्ज विकणाऱ्याच्या हाती पडली, तर संकेत मोडतो.

आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र असा विचार करत नाही. स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही, आणि घरगुती वा खाजगी कामासाठी ती वापरणाऱ्या व्यक्तीलाही नाही. छळ करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, तो वेगळ्या कायद्याखाली. प्लाझ्मासाठी दिलेला क्रमांक उचलून स्वतःच्या यादीत भरणारी कंपनी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकते.

याला उपाय नवा शोधायला नको. वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिरातींत पूर्वी बॉक्स नंबर असे. पत्र कचेरीत येई, तिथून जाहिरातदाराकडे जाई, आणि पत्ता द्यायचा की नाही हे तो पत्र वाचल्यावर ठरवी. ॲपवरून टॅक्सी मागवल्यावर चालक आणि प्रवासी बऱ्याचदा मधल्याच एका क्रमांकावरून बोलतात. तो त्याचाच प्रकार. सिग्नलने २०२४पासून क्रमांक न देता संपर्क साधण्याची सोय दिली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या आणि सोसायट्यांच्या याद्या छापणारे आपण मात्र नावापुढे अजून क्रमांकाचाच रकाना आखतो.