इंजिन गेलं, जिप्सी उरली

एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीत लष्कराच्या कमांडरांची परिषद भरली होती. तिथे एक मारुती जिप्सी दाखवण्यात आली. चौकोनी नाक आणि उघडी पाठ, सगळं नेहमीचंच. फक्त तिच्यातलं पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी विजेची यंत्रणा बसवलेली होती. आयआयटी दिल्लीत वाढलेल्या टॅडपोल प्रोजेक्ट्स या छोट्या कंपनीने लष्कराबरोबर हे काम केलं होतं. मोटर ३० किलोवॉटची, आणि एकदा चार्ज केल्यावर १२० किलोमीटरचा पल्ला. त्याआधी काही महिने, ऑक्टोबर २०२२ मध्ये, शांतता क्षेत्रातल्या ठाण्यांवर सुमारे २५ टक्के हलकी वाहनं विजेवर नेण्याचा विचार लष्कराने जाहीर केला होता.

३० किलोवॉट म्हणजे साधारण ४० अश्वशक्ती. हा आकडा वाचून मला जिप्सीची पहिली आवृत्ती आठवली आणि मी थक्क झालो. डिसेंबर १९८५ मध्ये ती गुरगावच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं आणि ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. तब्बल ३७ वर्षांनी तिच्यात आलेली मोटर शक्तीने जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी कमीच. तरीही गाडी पार बदलते. ती का बदलते, ही मला अलीकडच्या काळातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते.

मराठी वाचकाला जिप्सी नव्याने सांगायला नको. ताडोब्याला किंवा पेंचला गेलेल्या प्रत्येकाने तिच्या चढत्या बाकांवर बसून धूळ खाल्लेली असते. ती जपानच्या सुझुकी जिम्नीची लांब चॅसीची बहीण. आपल्याकडे उघड्या टपाची गाडी म्हणजे श्रीमंताचा शौक असं समीकरण असताना, जिने पोलीस, वनरक्षक, सैनिक, रॅली चालवणारे आणि लग्नाच्या वरातीतला नवरदेव अशा सगळ्यांना मोकळ्या हवेत बसवलं, ती हीच. म्हणून भारताची खरी कन्व्हर्टिबल कोणती असं विचारलं तर मी बिनदिक्कत जिप्सीचं नाव घेईन.

तिचा टप काढता येतो यामागे एक भक्कम कारण आहे. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याची पेटी हीच गाडीचा सांगाडा असते. छत कापलं की सगळा ताठपणा जातो, गाडी खड्ड्यात पिळवटते आणि दारं नीट लागत नाहीत. मग खाली जाड पट्ट्या जोडून तो ताठपणा परत आणावा लागतो. जिप्सीची घडण जुन्या पद्धतीची आहे. खाली शिडीसारखी पोलादी चॅसी, तिच्याखाली स्प्रिंगचे पाटे, आणि वर बोल्टने कसलेली बॉडी. भार सगळा चॅसी घेते, त्यामुळे वर पत्रा असो की कापड, गाडीला फरक पडत नाही. इंजिन बदलणाऱ्याला जिप्सी इतकी आवडते तीही याच कारणाने. बॉडीला हात न लावता चॅसीवरचं एक यंत्र उतरवायचं आणि दुसरं चढवायचं, हे इथे शक्य आहे.

मारुतीने स्वतःच ते दोनदा केलं. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली ती १२९८ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. २००० मध्ये त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि इंधनाचं इंजेक्शन मिळालं आणि आकडा ८० वर गेला. हौशी मालक त्याही पुढे गेले. त्यांची नजर बलेनो सेडानच्या १.६ लिटरच्या, ९४ अश्वशक्तीच्या इंजिनावर पडली, कारण ते जिप्सीच्याच इंजिनाच्या कुळातलं. गिअरबॉक्सला जोडणारे बोल्टसुद्धा जागेवर बसतात. पण बलेनोत इंजिन आडवं असतं आणि जिप्सीत उभं. शिवाय जिप्सीचा पुढचा अख्खा ॲक्सल इंजिनाच्या पोटाखालून जातो. मोटारीच्या इंजिनाची ऑइलची टाकी, म्हणजे संप, त्या ॲक्सलच्या गोळ्यावर आदळेल. म्हणून संप जिप्सीचाच लावावा लागतो. माउंटिंग, पाण्याचे पाइप, सायलेन्सरची वळणं, सगळंच पुन्हा जुळवावं लागतं. काश्मिरी गेटचा सुट्या भागांचा बाजार आणि मायापुरीचं भंगार यांच्या जिवावर दिल्लीतल्या कित्येक मेकॅनिकांनी असले मेळ घातले आहेत. त्यांच्या हाताला लागलेलं हे शहाणपण कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

याच गाडीत एक अशी रचना आहे जी जणू विजेसाठीच करून ठेवली होती. बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत चारही चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सलाच चिकटलेला असतो. जिप्सीत तो वेगळा, गाडीच्या मध्यावर, स्वतःच्या माउंटिंगवर लटकलेला आहे, आणि गिअरबॉक्सपासून एक आखूड शाफ्ट तेवढा त्याच्यापर्यंत येतो. तो शाफ्ट कशानेही फिरवा, ट्रान्स्फर केसला पर्वा नाही. इंजिनाने फिरवला काय आणि मोटरने फिरवला काय, पुढे चारही चाकं तशीच चालतात. गंमत म्हणजे स्पीडोमीटरची केबलही याच ट्रान्स्फर केसमधून निघते. त्यामुळे तो तसाच ठेवला तर, इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी सगळं गेलं तरी डॅशबोर्डवरचा जुना काटा मुकाट्याने आपला वेग सांगत राहतो.

आता त्या ४० अश्वशक्तीकडे येऊ. शक्ती हा आकडा फसवा असतो, कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, आणि टॉर्क म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर. २००० नंतरच्या जिप्सीचा सर्वाधिक टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० फेऱ्यांना. त्याच्या खाली तो कमी, आणि सात-आठशे फेऱ्यांच्या खाली तर इंजिन बंदच पडतं. क्लच हा भाग जन्माला आला तो यासाठीच: इंजिन फिरत राहावं आणि चाकं थांबलेली असावीत. मोटरला हे संकट नाही. समजा ३० किलोवॉटची एखादी मोटर आपली पूर्ण शक्ती ३००० फेऱ्यांना गाठते. गणित केलं तर टॉर्क येतो ९५ न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तेवढाच! पण हा जोर शून्य फेऱ्यांपासून हजर असतो, गाडी उभी असतानासुद्धा. चढावर अडकलेली गाडी हलवताना, वाळूतून चाक काढताना, सिग्नल सुटल्यावर, नेमका जिथे जोर लागतो तिथेच तो मिळतो. पेट्रोलची जिप्सी तिथेच तर रडकुंडीला येते.

मग किंमत कुठे मोजावी लागते? पल्ल्यात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. हे तेच युनिट, जे आपण विजेच्या बिलात मोजतो. जिप्सीच्या ४० लिटरच्या टाकीत त्या हिशेबाने सुमारे ३६० युनिटं मावतात, म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय घराची दोन-तीन महिन्यांची वीज. आणि या इंधनाचं वजन जेमतेम ३० किलो! बॅटरीत २० युनिटं साठवायची तर शंभर किलोच्या वरच जावं लागतं. आकडे पाहून माणूस हताश होईल, पण दुसरी बाजूही तितकीच अचाट आहे. त्या ३६० युनिटांवर पेट्रोलची जिप्सी चार-सव्वाचारशे किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरमागे पाऊण युनिटाहून जास्त. विजेवर त्याच एका किलोमीटरला युनिटाचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. मधलं सगळं रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन हवेत जात होतं.

त्यातली थोडी उष्णता वाया जात नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिल्लीच्या जानेवारीत टप उतरवून जिप्सी चालवणाऱ्याला विचारा. फायरवॉलमधून आणि गिअरच्या बोगद्यावरून येणारी ऊब पायांना किती प्रिय असते! मोटर ती देत नाही. आणखी एक छुपी सोय जाते ती ब्रेकची. पेट्रोलचं इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करतं, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. इंजिन काढलं की पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. अशा कामात माणूस मोटर-बॅटरीच्या मोठ्या गोष्टी बोलत राहतो आणि जीव मात्र या मुठीएवढ्या पंपावर अवलंबून असतो. तसंच मोटरचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आणण्याचं काम. मधली लोखंडी प्लेट केसभर तिरकी झाली तरी थरथर सुरू होते आणि बेअरिंग झिजतात. लेथवर बसणाऱ्या माणसाची खरी परीक्षा इथे असते.

दिल्लीत या सगळ्याला कायद्याची धार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायला मनाई केली. ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांवरची सक्तीची कारवाई थांबली, पण डिसेंबरात ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती आक्रसली. जुन्या जिप्सींपैकी बऱ्याच बीएस-४ च्या आधीच्या. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये जुन्या डिझेल गाड्या विजेवर चढवायची वाट मोकळी केली. देशभरासाठीचा नियम त्याआधीचा, २०१६ सालचा, आणि तो पेट्रोलच्या गाड्यांनाही लागू आहे. मात्र गल्लीतल्या गॅरेजात मोटर बसवून मोकळं होता येत नाही. संच एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मान्य झालेला असावा लागतो. ही तपासणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय करते, तशीच दिल्लीजवळ मानेसरची आयकॅटही करते. मग आरटीओकडून आरसीत इंधनाच्या रकान्यात ‘वीज’ अशी नोंद होते आणि नंबरप्लेट हिरवी मिळते.

याच्या अगदी उलट टोकाला २०२१ च्याच जुलैमध्ये आलेले व्हिंटेज वाहनांचे नियम उभे आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. आणि मग ती गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन किंवा रॅली एवढंच. दिल्लीत स्टेट्समन या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासूनची आहे. अशा गाड्यांचं घर ते. पहिल्या जिप्सींची पन्नाशी २०३५ च्या आसपास येईल. तेव्हा काही जिप्सी मूळ ९७० सीसीच्या इंजिनासह जपलेल्या असाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण बाकीच्या हजारोंना भंगारात घालण्यापेक्षा मोटर लावून रस्त्यावर ठेवावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाहेरच्या जगात हा वाद मानाच्या गाड्यांनीही अनुभवला आहे. १९ मे २०१८ ला राजपुत्र हॅरी लग्नानंतर विंडसरहून निघाला तो विजेवर चालणाऱ्या जुन्या उघड्या जॅग्वार ई-टाइपमधून. जॅग्वारने त्या गाडीत बॅटरी मूळ इंजिनाच्याच जागी बसवली होती, आणि हवं तर जुनं इंजिन परत चढवता येईल अशी सोय ठेवली होती. जिप्सीच्या मालकांनी एवढी एक गोष्ट जरूर उचलावी: काढलेलं इंजिन विकू नये, तेल लावून, झाकून ठेवावं.

आता आनंदाचं बोलू, कारण उघडी गाडी त्यासाठीच असते. टप काढलेल्या गाडीत वारा समोरून येतो असं वाटतं, पण केस मात्र मागून पुढे उडतात. काचेच्या वरच्या काठावरून सुटलेली हवा मागे कमी दाबाचा खड्डा सोडते, आणि तो भरायला मागच्या बाजूची हवा उलटी फिरून आपल्या मानेवर येते. जिप्सीची काच जवळजवळ उभी, त्यामुळे हा भोवरा जोरदार. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीने त्याचा आवाज बुडून जातो. मोटर आली की वाऱ्याचा प्रत्येक पदर वेगळा ऐकू येतो, टायरची सळसळ येते, आणि पाट्यांचं कर्कश करकरणंही येतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीतली सकाळ निवडा. धुकं विरलेलं असतं, धुराचा हंगाम सरलेला असतो. अकबर रोडवर दुतर्फा चिंचा आहेत, जनपथवर अर्जुन, लोधी रोडवर कडुनिंब, कर्तव्यपथावर जांभळी. नवी दिल्ली वसवताना रस्त्यागणिक झाड ठरवूनच लावलं होतं. चाळीसच्या वेगाने या सावल्यांखालून जाताना पोपटांचा कलकलाट इतका जवळून ऐकू येतो की हात वर केला तर लागतील. ताडोब्यात मोटरची ही शांतता किती मोलाची ठरेल, याचा विचार मी करत राहतो. तिथे सांबराचा अलार्म कॉल ऐकायला आज प्रत्येक वळणावर चालकाला इंजिन बंद करावं लागतं. जंगलातली फेरी १२० किलोमीटरच्या आत बसते, दोन फेऱ्यांच्या मध्ये दुपारची सुट्टी असते, आणि चार्जिंगला तेवढा वेळ बराच झाला.