ग्रुपवर राजकारण नको!

आमच्या दहावीच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे. ही बंदी आजवर चार वेळा घातली गेली. चारही वेळा मीच घातली, कारण अ‍ॅडमिन मी आहे. आणि दरवेळी ती मोडणारा पहिला मेसेज ‘राजकारण नाही, पण…’ असाच सुरू झाला.

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतून १९८६ साली दहावी झालेले आम्ही एकसष्ट जण. एक डॉक्टर, एक वकील, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, एक द्राक्षबागायतदार, दोघी शिक्षिका आणि बरेच आपापल्या जागी सुखी. ग्रुपवर कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, धंद्यानंच मारतात. एक जण न्यू जर्सीत असतो. आमच्या भागात जर्सी म्हटलं की गाय आठवते, त्यामुळे त्याचं नाव ठेवायला कोणाला डोकं चालवावं लागलं नाही. यातल्या निम्म्या लोकांशी मी शाळेत चार वाक्यंही बोललो नव्हतो. मुली तर वर्गाच्या दुसऱ्या बाजूला बसायच्या, म्हणजे जवळजवळ परदेशातच. आता मात्र कोणाचा बायपास कधी झाला आणि कोण कोणाला मत देतो, हे मला पाठ आहे. यांना मित्र म्हणावं की ओळखीचे, ते अजून ठरलेलं नाही.

ग्रुप २०१५ साली सुरू झाला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एका ग्रुपमध्ये शंभरच माणसं मावत. २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. शाळेच्या साऱ्या तुकड्या, शिपायासकट, एका बाकावर बसवायची सोय झाली. पण आमच्याकडे खरी गर्दी झाली ती सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. तोपर्यंत महिन्याचा डेटा जपून वापरणारा बागायतदार एकदम चोवीस तास हजर झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपचे भारतातले वापरकर्ते ५३ कोटी असल्याचं सांगितलं. त्यातले निदान अर्धे रोज सकाळी एकमेकांना गुलाबाचं फूल पाठवतात, असा माझा अंदाज आहे.

आमच्याकडे फूल कंडक्टर पाठवतो, पावणेसहाला. निवृत्त झाला तरी पहिल्या गाडीची सवय सुटलेली नाही. मग सुविचार, मग कोणाचा तरी वाढदिवस, अकराच्या सुमाराला आरोग्य (लिंबू, कोमट पाणी, रिकाम्या पोटी) आणि दुपारचं जेवण झालं की राजकारण. संध्याकाळी सात ते आठ शांतता, कारण घरात मालिका. रात्री जर्सी उठतो. त्याची सकाळ झालेली असते आणि तो ताजातवाना भांडतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यापासून त्याला इथं मत नाही, पण मतं फार.

पहिली बंदी नोटाबंदीची. नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉक्टर ‘देशासाठी रांगेत उभं राहायला काय होतं’ म्हणाला आणि बागायतदारानं त्याला रात्री साडेअकराला उत्तर दिलं, ‘तू ये. मजुरांना पगार तू दे.’ पुढची अकरा मिनिटं जे लिहिलं गेलं ते इथं छापण्याजोगं नाही. डॉक्टर ग्रुपमधून बाहेर पडला. याला आम्ही ‘लेफ्ट झाला’ म्हणतो. गंमत अशी की आमच्याकडे लेफ्ट होणारे बहुतेक राइटचेच असतात. चार दिवसांनी बागायतदाराच्या आईला छातीत दुखलं तेव्हा गाडी थेट डॉक्टरच्याच दवाखान्यात गेली. दोघांत काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. त्या रात्री बागायतदारानं मला फोन करून एवढंच सांगितलं, ‘त्याला परत घे रं.’

दुसरी बंदी ९ नोव्हेंबर २०१९ ची, अयोध्येच्या निकालाच्या दिवसाची. तेव्हा राज्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल’ ही कळ दाबली गेली होती. सेटिंग बदला, नाहीतर अ‍ॅडमिनला अटक, असे मेसेज फिरत होते. मीही दाबली. त्या शनिवारी ग्रुपवर एकच माणूस बोलू शकत होता आणि त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं.

अ‍ॅडमिनच्या या भीतीबद्दल थोडं. ती पुढं बरीचशी बिनबुडाची ठरली. गोंदियातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन असण्यापायी कोणी गुन्हेगार होत नाही. अ‍ॅडमिन माणसाला आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो, पण तो काय लिहिणार हे आधी तपासू शकत नाही. दोघांचं संगनमत होतं हे दिसलं तर गोष्ट वेगळी. हा निकाल वकिलानं ग्रुपवर टाकला तेव्हा कंडक्टर म्हणाला, ‘म्हणजे विनातिकीट प्रवाशाचा दंड कंडक्टरनं भरायचा नाही. हे आम्हाला तीस वर्षं कोणी सांगितलं नाही.’

अयोध्येच्या निकालानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, पुन्हा शनिवारी, २३ नोव्हेंबर २०१९ ला आमच्या ग्रुपच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस उगवला. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झालं होतं आणि सकाळी पेपरात तेच होतं. कंडक्टर जुना शिवसैनिक. त्यानं साडेसातला पेपराच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला, त्याला भगवे झेंडे जोडले. आठ वाजून गेल्यावर जर्सीचा मेसेज आला. तिथं अजून शुक्रवारची रात्र होती. दोनच शब्द होते, ‘टीव्ही लावा.’

वकील म्हणाला, ‘जुना व्हिडिओ आहे, फसू नका.’ डॉक्टर म्हणाला, ‘मी पुन्हा आलो!’ कंडक्टर काही म्हणाला नाही. पण सगळ्यांचं लक्ष होतं बागायतदाराकडे. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा पवारांचा माणूस, आणि राजभवनात शपथ घ्यायला फडणवीसांच्या शेजारी अजित पवार उभे होते. आता हा हसणार की रडणार? त्याच्या नावापुढं ‘टायपिंग’ दिसायचं आणि जायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा जायचं. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘रेंज नव्हती.’

तीन दिवसांनी, २६ तारखेला, ते सरकार गेलं. त्या संध्याकाळी डॉक्टरला कोणीतरी विचारलं, ‘रेंज आहे का?’ तेव्हापासून आमच्यात कोणीही अडचणीत सापडला की त्याची रेंज जाते. बायकोनं साडीचा हिशेब विचारला तरी रेंज जाते.

२३ तारखेलाच एक पोटभांडणही झालं. शिक्षिका असलेल्या बाईंनी हरकत घेतली, की याला पहाटेचा शपथविधी कसं म्हणता? राष्ट्रपती राजवट उठली ५ वाजून ४७ मिनिटांनी, ती पहाट मान्य. शपथ आठच्या सुमाराला, म्हणजे सूर्य उगवून तास होऊन गेला होता. यावर सरकार कोणाचं हे विसरून ग्रुप दोन तास ‘पहाट’ या शब्दावर भांडला. कंडक्टरनं निकाल दिला, ‘पहिली गाडी सुटते ती पहाट. बाकी सगळी सकाळ.’

माझ्या मते त्या महिन्यानंतर आमच्या राजकीय भांडणांचा पोतच बदलला. तोवर बाजू सरळ होत्या. तू यांचा, मी त्यांचा. पुढं शिवसेना काँग्रेसबरोबर बसली, जून २०२२ मध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, जुलै २०२३ मध्ये अजित पवार पुन्हा तिकडे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण एकाकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ दुसऱ्याकडे. जून २०२२ मध्ये मी बंदी क्रमांक तीन घातली, पण ती ‘काय झाडी, काय डोंगार’ची ऑडिओ क्लिप येईपर्यंतसुद्धा टिकली नाही. गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापू पाटलांचा तो फोन ऐकून कट्टर शिवसैनिकही हसला. मग कोणाच्या तरी बंगल्याचा फोटो आला तरी खाली ‘काय हाटील’ असायचंच. ज्याला शिव्या घालायच्या तो उद्या आपल्याच मंचावर बसणार, हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस शिवी जपून वापरतो. २०२४ नं तर दोन्ही बाजूंना पेढे वाटायला लावले: लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, आणि सहा महिने व्हायच्या आत विधानसभेला महायुतीला २८८ पैकी २३०. फडणवीसांच्या ‘मी पुन्हा येईन’चं जे स्टिकर पाच वर्षं डॉक्टरला चिडवायला वापरलं गेलं, ते ५ डिसेंबर २०२४ ला, फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा, त्यानंच ग्रुपवर एकवीस वेळा टाकलं. मोजलं मी.

पक्षांवरून चेष्टा चालते. पण सगळ्यावर चालत नाही, आणि इथं मला माझाच एक मेसेज सांगायला हवा.

२०१८ च्या जूनमध्ये ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा’ असा मजकूर सगळीकडे फिरत होता. आमच्या ग्रुपवरही आला. टाकणारा मी. कुठून आला ते पाहिलं नाही, नातू लहान म्हणून काळजीनं पुढं ढकलला, खाली हात जोडले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मंगळवेढा आमच्याहून काही फार लांब नाही. माझा मेसेज राईनपाड्याला गेला नसेल, पण त्याच जातीचा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं पुढं पाठवलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ची खूण लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आली.

बाईंनी तेव्हाच सुचवलं होतं, की बंदी राजकारणावर नको, फॉरवर्डवर हवी. आम्ही तो नियम लॉकडाऊनमध्ये केला: स्वतः टाइप केलेलं असेल तर काहीही लिहा. लोकांना शहाणं करून हे थांबेल, यावर माझा फार विश्वास नाही. २०१९ च्या निवडणुकीत बिहारमध्ये एका संशोधिकेनं घरोघरी तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवण्याचा प्रयोग केला होता. एकूणात फारसा फरक पडला नाही. आमचा नियम शहाणपणावर नाही, आळसावर उभा होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चष्मा लावून मराठी टाइप करायचं म्हणजे राग अर्ध्यावर उतरतो. दुसऱ्याचं हजार शब्दांचं विष एका बोटानं पुढं जातं, स्वतःचं दहा शब्दांचंही जात नाही.

मग लोकांनी बोलून टाइप करायला घेतलं. बागायतदाराचा ‘उपमुख्यमंत्री’ फोनवर ‘उपमा मुख्यमंत्री’ उमटला, तो अजून तसाच चालू आहे. नंतर सरळ आवाजच पाठवू लागले. तिथं वेगळंच झालं. एरवी ‘मला असं वाटतं’ लिहिणारा डॉक्टर बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला ‘आरं तुला काय म्हायती’वर येतो. त्या आवाजात चिडलेल्या माणसावर चिडणं अवघड असतं. मागं कुकरची शिट्टी, नातवाचं रडणं, बागेतला फवारणीचा ट्रॅक्टर.

चौथी बंदी सप्टेंबर २०२३ ची. आंतरवाली सराटीत १ सप्टेंबरला उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न घराघरांत शिरला. या वेळी बंदीआधी ग्रुपवर एकही भांडण झालं नव्हतं. तेच मला भयंकर वाटलं. एकसष्ट जणांत मराठा आहेत, माळी, धनगर, वंजारी आहेत, दोन-तीन ब्राह्मण आहेत. तोवरच्या आठ वर्षांत ज्यांनी एकमेकांचे पक्ष, नेते, टक्कल, पोट काही सोडलं नव्हतं, ते सगळे एकदम ‘शुभ सकाळ’वर आले. कोणाची थट्टा नाही. कंडक्टरचं फूलही दोन दिवस आलं नाही. महिन्याभरानं कळलं, की आमच्यातल्याच काहींचा एक वेगळा ग्रुप झालाय आणि आणखी काहींचा दुसरा. पक्ष निवडलेला असतो, म्हणून त्याची चेष्टा सोसते. जातीच्या बाबतीत चेष्टा करणाऱ्याचा हेतू आधी तपासला जातो, आणि लिहिलेल्या ओळीतून हेतू कळत नाही. मी बंदी घातली ती खरं तर झालेल्या शांततेला नाव देण्यापुरती.

ते वेगळे ग्रुप अजून आहेत. एकदा दोन्हीकडचे दोघं बागायतदाराच्या मुलाच्या लग्नात एकाच पंगतीला बसले आणि उठताना एक दुसऱ्याला म्हणाला, ‘तुमच्याकडं काय चाललंय?’ दुसरा म्हणाला, ‘रेंज नाही.’ दोघंही हसले, पण ग्रुपवर त्यातलं काही आलं नाही. आलं ते लग्नाचे एकशे चाळीस फोटो.

सध्या आम्ही एकोणसाठ जण आहोत. दोघं गेले, त्यांचे नंबर मी काढलेले नाहीत. बंदी कागदावर चालू आहे.

वाचकहो, या लेखाच्या पानांचे फोटो काढून आपापल्या ग्रुपवर टाकणार असाल, तर खुशाल टाका. फक्त खाली ‘लेखक अज्ञात’ लिहू नका, आणि पु. लं.चं नाव तर मुळीच घालू नका. ते २००० सालीच गेले.