रुपयांचा चषक

आपल्याकडे मंडळं वाजतगाजत जन्मतात आणि गुपचूप मोडतात. मग एकच वाद उरतो, शिल्लक पैशांचं काय करायचं? इंद्रायणीकाठच्या आमच्या इंदुरीतही हा वाद रंगला होता. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या गढीचं हे गाव. तिथं आमचं कबड्डीचं मंडळ होतं. पुढं पोरं तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करू लागली आणि संध्याकाळी सात गडी जमेनात. पेटीत थोडे पैसे राहिले. कुणी म्हणे वाटून घ्या, कुणी म्हणे झकास जेवण करा.

या वादाचं उत्तर आम्हांला सापडलं ते सातासमुद्रापार, रग्बीच्या मैदानावर!

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी लेकीकडे लंडनला होतो. आमच्या संघातले दोघं जण मुलांकडे आलेले आणि एक तिथंच स्थायिक झालेला. त्यानं स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याची तिकिटं काढली आणि शनिवारी, २४ तारखेला, पहाटेच आम्ही चौघं एडिंबरोच्या रेल्वेत बसलो. साडेचार तासांचा प्रवास. बरोबर लेकीनं दिलेली थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

मरेफील्डच्या मैदानात सदुसष्ट हजार माणसं मावतात. कडाक्याची थंडी, पण तो जल्लोष पाहून आम्ही कानटोप्या काढल्या. एका बाजूला पंधरा गडी, लांबट चेंडू, आणि नियम मोठा गमतीचा. धावायचं पुढं, पण हातानं चेंडू द्यायचा तो मागच्यालाच! आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करू लागले, तेव्हा आमच्यातला जुना पकडपटू उठून उभाच राहिला. डुहान व्हॅन डर मर्व या खेळाडूनं एकट्यानं तीन ‘ट्राय’ केले आणि स्कॉटलंडनं ३०-२१ असा सामना जिंकला.

मग मोठ्या पडद्यावर चषक दिसला. त्याला तीन मुठी, तिन्ही फणा काढलेल्या नागांच्या. झाकणावर चक्क हत्ती! “अरे, हा तर आपल्याकडचा!” एक जण ओरडला. आमच्या यजमान मित्रानं हसून हकिकत सांगितली.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबांनी रग्बीचा सामना खेळला. पुढच्याच महिन्यात क्लब निघाला. सुरुवातीला क्लबात मद्य फुकट मिळे. ते बंद झालं तशी मंडळी पांगली. उकाडाही सोसेना, टेनिस आणि पोलो बरे वाटू लागले. १८७८ मध्ये क्लब मोडायचं ठरलं. बँकेत पैसे होते. एखादी जंगी मेजवानी सहज झाली असती. पण त्यांनी चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले, चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड ‘कलकत्ता कप’साठी झुंजत आले आहेत.

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. गोऱ्यांचं राज्य गेलं, तो क्लब आज कुणाच्या ध्यानातही नसेल, पण मोडताना त्यांनी जे मागच्यांच्या हाती दिलं, ते टिकलं. जेवण दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ढेकरही उरली नसती.

गावी आल्यावर आम्ही हे बैठकीत मांडलं. “तुमचा तो चांदीचा रुपया, आमचा पोलादाचा, वितळवून काय येणार?” असं एकानं विचारलंच. हशा पिकला. तरी शेवटी ठराव झाला. पेटीतल्या पैशांची एक साधी ढाल करायची आणि ती शाळकरी मुला-मुलींच्या कबड्डीला दरवर्षी फिरती ठेवायची.

आता ढालीनं गडी जमतील का? सांगता येत नाही. पण वाचकहो, तुमच्याही गावात एखादं मंडळ शेवटचे श्वास मोजत असेल आणि पेटीत चार पैसे असतील, तर जेवणावळीचा बेत ठरण्याआधी कलकत्त्याच्या त्या रुपयांची आठवण जरूर काढा.