दोन पाय, दोन चाके

तुमच्या घरापासून तुमची शाळा किती दूर आहे? कोणी म्हणेल, "पाच मिनिटांच्या अंतरावर." कोणी म्हणेल, "तासभर चालावे लागते." पाहा, आपण अंतर विचारले आणि उत्तर मात्र वेळेत मिळाले! रोज चालणाऱ्याला किलोमीटरपेक्षा वेळ अधिक महत्त्वाचा वाटतो.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचेच उदाहरण घ्या. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही तिची स्थानके तुम्हांला ठाऊक असतील. मुंबई-नाशिक महामार्गही याच तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. तेथे कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा माळशेज घाटाकडे जाणारा मोठा रस्ता आहे.

एवढे मोठे रस्ते असले तरी पाड्यावरच्या मुलाला रोज हवी असते ती दोन-चार किलोमीटरची छोटी वाट. पाड्यावर किंवा जवळच्या गावात प्राथमिक शाळा असते. पुढच्या वर्गांसाठी मोठ्या गावात जावे लागते. महाविद्यालयासाठी तर शहापूर गाठावे लागते, नाहीतर मुरबाडजवळचे शिवळे. म्हणजे इयत्ता वाढते तशी वाटही लांबते. वाट लांबली की काही मुलांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण मध्येच सुटते. म्हणून चालणे आणि सायकल चालवणे हा केवळ व्यायामाचा विषय नाही. तो शिक्षणाचा विषय आहे.

आता थोडे गणित करू. माणूस एका तासात साधारण चार ते पाच किलोमीटर चालतो. शाळा चार किलोमीटर दूर असेल, तर जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तास जातात. सायकलवरून सपाट रस्त्याने तासाला बारा किलोमीटर सहज जाता येते. म्हणजे तेच अंतर वीस मिनिटांत संपते. जाऊन-येऊन एक तास वीस मिनिटे वाचतात. या वेळात अभ्यास होईल, खेळ होईल आणि घरच्या कामातही मदत करता येईल.

सायकल इतकी लवकर कशी जाते? तिला ना इंजिन, ना पेट्रोल. तिचे रहस्य साखळीत आहे. समजा, पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या लहान चक्राला १८. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पायडलच्या एका फेरीत आपले दोन्ही पाय एकेकदा खाली जातात. तेवढ्याच श्रमात चालताना आपण दोन पावले टाकतो, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर! शिवाय शरीराचा भार सायकलच उचलते.

सायकलीमुळे खरोखर शिक्षण वाढते का? बिहार राज्यात हे दिसून आले आहे. तेथील सरकारने २००६ मध्ये नववीत शिकणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे हा फायदा अधिक झाला. मुली गटागटाने सायकलवरून जाऊ लागल्या. एकटीला जी वाट भीतीची वाटते, ती चौघींना वाटत नाही. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत गरजू मुलींना सायकली दिल्या जातात.

पण सायकल मिळाली म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. पुण्याचा अनुभव पाहा. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पुढे स्कूटर आणि मोटारसायकली वाढल्या व सायकली मागे पडल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार सुमारे ४११ एकरांचे आहे. एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला बरेच चालावे लागते. तेथे डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलने कुलूप उघडायचे, सायकल न्यायची आणि काम झाले की ठेवून द्यायची. विद्यार्थ्यांना ही कल्पना आवडली. पण पुण्यातला हा उत्साह फार वर्षे टिकला नाही. सायकली पुरवणाऱ्या एका कंपनीने तर २०१८ मध्येच भारतातले काम बंद केले. सायकल आणून उभी करणे सोपे असते, ती रोज चालू ठेवणे कठीण असते. तिला सुरक्षित रस्ता लागतो, उभी करायला जागा लागते आणि वेळेवर दुरुस्ती लागते.

नेदरलँड्स या देशात आज माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तेथेही हे आपोआप घडले नाही. १९७१ या एका वर्षात त्या देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावरच्या अपघातांत मरण पावली. दुःखी आणि संतप्त पालक रस्त्यावर आले. "आमच्या मुलांना सुरक्षित वाट द्या," अशी मागणी त्यांनी केली. पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले जाऊ लागले. त्या देशातील ग्रोनिंगन शहरात १६१४ मध्ये स्थापन झालेले जुने विद्यापीठ आहे. १९७७ मध्ये या शहराच्या मध्यभागाचे चार भाग करण्यात आले. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येत नाही. तिला बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. पायी जाणारे आणि सायकलवाले मात्र सरळ जातात. लोकांना नुसता उपदेश न करता त्या शहराने सायकलची वाट जवळची केली.

आपल्या शाळेपुरते तुम्हांलाही काही करता येईल. प्रथम वर्गाचा एक मोठा नकाशा काढा. त्यात प्रत्येकाचे घर, शाळेचे अंतर आणि येण्याचे साधन दाखवा. पावसाळ्यात पाणी चढणारा ओहोळ, अंधारे वळण, महामार्ग ओलांडण्याची जागा अशी धोक्याची ठिकाणे लाल रंगाने रंगवा. हा नकाशा मुख्याध्यापकांना दाखवा. तुमचे पालक तो ग्रामसभेतही मांडू शकतील. "रस्ता खराब आहे," या तक्रारीपेक्षा "या ठिकाणी साकव हवा," ही मागणी अधिक परिणामकारक असते.

दुसरे काम शाळेच्या आवारातले. सायकली ठेवण्यासाठी एखादी सावलीची जागा ठरवून घ्या. तेथे हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान ठेवा. पंक्चर काढणे आणि उतरलेली साखळी बसवणे मुलांनी शिकावे, तसेच मुलींनीही शिकावे.

तिसरे काम स्वतःच्या काळजीचे. सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवा. ब्रेक व घंटी रोज तपासा. मागे लाल रिफ्लेक्टर असू द्या. दप्तर कॅरियरला घट्ट बांधा. ओढणी किंवा बुरख्याचे टोक साखळीत अडकू नये म्हणून साखळीवर झाकण बसवून घ्या. पायी जाताना पदपथ नसेल, तर उजव्या कडेने चला, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. ओहोळाला पूर आला असेल, तर पाण्यात कधीही उतरू नका. एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

ज्यांची शाळा जवळ आहे, त्यांनी पायीच जावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे शरीराला चांगली हालचाल द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेची वाट झपझप चाललात, तर त्यातला बराच वाटा सहज पुरा होतो. त्याला फी नाही आणि वेगळे मैदानही लागत नाही.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेथे शिकवायला पायी जात, तेव्हा विरोधक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकत. तरीही त्या रोज त्याच वाटेने जात राहिल्या. आज शहापूर-मुरबाडच्या मुलींच्या वाटेत ओहोळ, उतार आणि भरधाव वाहने आहेत. ही संकटे आपण सर्वांनी मिळून दूर करता येण्यासारखी आहेत. उद्या शाळेला निघाल तेव्हा आपली वाट नीट पाहत जा आणि तिच्यावर काय हवे, ते वहीत लिहून आणा. नकाशाचे काम तेथूनच सुरू होईल.