कोटेशन गेलं, पण कुठल्या पत्त्यावरून?

एकदा माझं मोठ्या ऑर्डरचं कोटेशन चुकून कॉलेजात गमतीनं काढलेल्या जीमेलवरून गेलं! पार्टीचा फोन, "हे नक्की तुम्हीच ना?"

उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट', तिथे 'सेंड मेल अ‍ॅज'मध्ये धंद्याचा पत्ता टाका. स्वतःच्या डोमेनचा असेल तर एसएमटीपी सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड लागतो. होस्टिंगवाल्याकडून आधीच मागून ठेवा. त्या पत्त्यावर आलेला कोड भरला की पत्ता जोडला जातो.

खरी मेख पुढे आहे. धंद्याचे मेल याच इनबॉक्समध्ये येत असतील, तर तिथेच 'रिप्लाय फ्रॉम द सेम अ‍ॅड्रेस' हा पर्याय निवडा. नाहीतर उत्तर डीफॉल्ट पत्त्यावरूनच जाणार. नवा मेल लिहिताना मात्र 'फ्रॉम' स्वतःच बघायचं. मी अजूनही दोनदा बघतो.