‘नव्या’च्या पोटातलं जुनं

डोंबिवलीच्या फलाटावर एकच विशेषण वेगवेगळ्या वेशांत ऐकू येतं. मराठी माणसाचा डबा ‘नवा’. मालवणी माणसाचा ‘नवो’, गुजराती शेजाऱ्याचाही ‘नवो’. नपुंसकलिंगात आपण ‘नवं’ लिहितो, कोकणी ‘नवें’, गुजराती ‘नवुं’. भाषाभ्यासक अशी भावंडं शेजारी शेजारी बसवून त्यांच्या पूर्वजाचा माग काढतो. इथे तो ‘नवकम्’पाशी पोचतो. त्यातला ‘म्’ आपल्या उच्चारातून गेला; डोक्यावरचं टिंब तेवढं राहिलं. मधला ‘क’ही झिजला, पण विशेषणाला विकार द्यायची सोय करून गेला. ‘उच्च’ला हा ‘क’ चिकटला नाही, म्हणून ‘उंच’ मुलगा, मुलगी, झाड सगळ्यांपुढे ताठच.

खरी गंमत ‘नव्या’त आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे प्राकृत लेख आहेत. व्यापाऱ्याचं दान सांगताना तिथे ‘नेगमस’ असं येतं. हा ‘स’ म्हणजे संस्कृत षष्ठीचा ‘स्य’, आणि नामाबरोबर विशेषणालाही तो लागत असे. पुढे तो विरला. ‘नवकस्य’सारख्या रूपांतून ‘नव्या’ उरलं. म्हणजे ‘नव्या व्यापाऱ्याचं’ म्हणताना आपण जुन्या षष्ठीवर नवी षष्ठी चढवतो! अनेकवचनी ‘लोकांना’मधला अनुस्वारही असाच, ‘आनाम्’चा.

आपल्याला निदान कान्हेरीचा दगड आहे. आयरिश-वेल्शची पूर्वज असलेल्या आदिकेल्टिक भाषेचा एकही लेख नाही. आयरिश ‘नुअ’, वेल्श ‘नेविद’ आणि रोमन काळातलं गावाचं नाव ‘नोव्हिओमागुस’ (आजचं नेदरलंड्समधलं नायमेखन) यांवरून अभ्यासक *नोव्योस, *नोव्या, *नोव्योम अशी तीन लिंगांची रूपं उभी करतात. आधीची चांदणी सांगते, हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. संस्कृत ‘नव्य’ त्यांचं सख्खं भावंड. आपल्या ‘नव्या’तला ‘य’ मात्र त्या घरचा नव्हे. नुसत्या दिसण्याला भुललं की व्युत्पत्तीचा विनोद होतो.

आणि गेलेला प्रत्यय ओळखायचा कसा? आयरिशमध्ये मोठा पुरुष ‘फॅर मोर’, पण मोठी बाई ‘ब्यॅन वोर’. पुरुषवाचक नाम पूर्वी ‘ओस’ने संपे, स्त्रीवाचक स्वराने. दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘म’ मऊ पडून ‘व’ झाला. पुढे नामाचा स्वर गेला, विशेषणातला ‘व’ राहिला.